भाऊंची ताई

पणजीत मांडवीच्या काठाला लागून आदिलशहाचा जुना वाडा आहे. गोवा मुक्त झाल्यावरही कितीतरी वर्षं सचिवालय इथंच होतं, विधानसभाही इथंच भरायची. १२ ऑगस्ट १९७३ रोजी गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर, म्हणजे सगळ्यांचे भाऊसाहेब, अचानक गेले. त्यांच्या खुर्चीवर बसली त्यांचीच थोरली मुलगी, ३८ वर्षांची शशिकला काकोडकर.

सुचेता कृपलानी आणि नंदिनी सत्पथी यांच्यानंतर मुख्यमंत्री झालेली ही देशातली तिसरी बाई. शेजारच्या महाराष्ट्राला तो योग अजून आलेला नाही. शशिकलाताई आधी आमदार होत्या, राज्यमंत्री होत्या. पण लोक म्हणायचे, भाऊंची मुलगी. त्यात खोटं काही नव्हतं. मगो म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाची सिंह ही निशाणी भाऊंची होती, त्यामागची बहुजनांची मतंही भाऊंचीच होती.

मग ताईंचं स्वतःचं काय?

त्यासाठी भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, भाटात म्हणजे बागायतीत जावं लागेल. माडांच्या सावलीत एक घर. त्यात मुंडकार राहतो, त्याचे आजे-पणजेही तिथंच राहिलेले. पण पायाखालची जमीन भाटकाराची. त्याची मर्जी फिरली की चूल उचलायची. १९७५ साली ताईंच्या सरकारनं मुंडकारांना बेदखलीपासून संरक्षण देणारा कायदा केला. पुढच्याच वर्षी कूळ कायद्यात पाचवी दुरुस्ती झाली, कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानणारी. भाटकार कोर्टात गेले आणि ही दुरुस्ती तिथं वर्षानुवर्षं अडकली. तरी ताईंची सही ओळखायची तर याच दोन कागदांवर ओळखावी, असं आम्हाला वाटतं.

१९७७च्या निवडणुकीत मगोला ३० पैकी १५ जागा मिळाल्या. नेमक्या निम्म्या! एक माणूस रुसला तरी सरकार डळमळणार. बाहेरही शांतता नव्हती. ट्रॉलरांनी समुद्र खरवडून नेला म्हणून रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे पारंपरिक मच्छीमार, रस्त्यावर आले होते, बसच्या तिकिटात निम्मी सवलत मागत विद्यार्थी उतरले होते. एप्रिल १९७९ मध्ये मगोचेच तीन आमदार फुटले. सरकार पडलं, राष्ट्रपती राजवट आली. १९८०च्या सुरुवातीच्या निवडणुकीत पक्ष सात जागांवर आला.

आणि ताई काँग्रेसमध्ये गेल्या. ज्यांनी सिंहावर शिक्का मारला, त्या माणसांना हे कसं पचलं असेल? पुढे त्यांनी वडिलांच्या नावाचा वेगळा पक्ष काढून पाहिला, तोही चालला नाही. शेवटी परत मगोत आल्या. भाऊसाहेबांच्या आयुष्यात अशी वळणं नव्हती. निसटतं बहुमत मात्र भाऊसाहेबांनाही सांभाळावं लागलं होतं, हेही खरं.

१९९० मध्ये आघाडी सरकारात त्या शिक्षणमंत्री झाल्या. भाऊंनी गावोगाव मराठी शाळा काढल्या होत्या. ताईंनी प्रश्न थेट पैशांचा केला: सरकारी अनुदान हवं, तर प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून द्या. गोव्याची राजभाषा मराठी की कोकणी, या वादात मराठीच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या ताईंचा हा निर्णय मराठीइतकाच कोकणी शाळांच्याही कामी आला. इंग्रजी माध्यमाच्या अनेक शाळांनी अनुदानासाठी कोकणीची पाटी लावली. त्यातल्या किती मनापासून, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

२०११ मध्ये दिगंबर कामत सरकारनं इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं ठरवलं, तेव्हा ताई पंचाहत्तरी ओलांडून गेल्या होत्या. तरी या निर्णयाला विरोध करणाऱ्या भारतीय भाषा सुरक्षा मंचाच्या पुढे त्याच होत्या. या वेळी मराठीवाले आणि कोकणीवाले एकाच मांडवात बसले होते. ऐंशीच्या दशकात एकमेकांविरुद्ध घोषणा दिलेली माणसं!

२८ ऑक्टोबर २०१६ रोजी ताई गेल्या. माध्यमाचं भांडण तेव्हाही चालूच होतं.