आधी गप्पा, मग धडे

नमस्कार मंडळी. रविवारची संध्याकाळ, त्यात मेगाब्लॉक, तरीही दादरपर्यंत एवढे आईबाबा आलात, बरं वाटलं. विषय ठरलाय 'लहान मुलांचं घरी शिक्षण : कायदा, परीक्षा आणि व्यवहार'. त्याकडे येतेच. आधी हात वर करा : 'आज शाळेत काय केलं?' असं विचारल्यावर 'काही नाही' हे उत्तर कोणाकोणाला मिळालंय? बघा, आजोबांचाही हात वर आहे!

मूल गप्प नसतं हो. आपला प्रश्न हजेरी घेतल्यासारखा असतो.

आमच्याकडे चिऊ-काऊची गोष्ट रोज व्हायची. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं. पावसात काऊचं घर वाहून जातं, तो दार ठोठावतो आणि चिऊताई म्हणते, 'थांब, माझ्या बाळाला तीट लावते.' एका रात्री लेक उठूनच बसली. 'आई, तो भिजतोय ना? तीट नंतर लावता येते.' मी म्हटलं, 'मग तू दार उघड.' तिने उघडलं, काऊला टॉवेल दिला, वर कांदाभजी खायला घातली. (हशा)

दुसऱ्या दिवशी प्रश्न आला, खरं घर शेणाचं असतं का? खिडकीसमोरच्या गुलमोहरावर कावळ्याचं घरटं होतंच. आजोबांची दुर्बीण काढली. काड्या होत्या, पण मधेमधे तारेचे तुकडे, कपड्यांच्या हँगरची वाकलेली तारसुद्धा. मुंबईचे कावळे तारा वापरतात, तुम्हीही बघितलं असेल. मग ओघानेच निघालं की ते पावसाच्या तोंडावर घरटी बांधतात आणि कोकिळा गुपचूप त्यांच्या घरट्यात अंडं घालते. लेक बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'म्हणजे काऊ कोकिळेच्या बाळाला घरात घेतो आणि चिऊ काऊला घेत नाही?' आता यावर कुठल्या पुस्तकात स्वाध्याय आहे, सांगा! आठवडाभर आमचं पक्षीशास्त्र, चित्रकला आणि नागरिकशास्त्र त्या एका वाक्यावर चाललं.

आणि हीच मुलगी एका शाळेत पहिलीच्या प्रवेशाला गेली. शाळेचं नाव घेत नाही. बाईंनी चित्र दाखवलं : 'कावळा काय म्हणतो?' हिने विचारलं, 'कोणाला? चिमणीला म्हणतो, दार उघड.' बाईंनी कागदावर फुली मारली. मला आजही राग येतो. मूल एवढं बोललं आणि समोरच्या माणसाला फक्त 'काव काव' हवं होतं! प्रवेशासाठी मुलांची किंवा पालकांची चाळणी लावायला शिक्षण हक्क कायद्याच्या १३व्या कलमानं बंदी आहे. पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत दंड, पुढे दर वेळी ५०,००० पर्यंत. हे पाठ करून ठेवा आणि बिनधास्त सांगा.

याउलट बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक बघा, मुंबईत जन्मलेल्या. १९४५ मध्ये त्या डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या, नंतर कोसबाडला. सहकारी अनुताई वाघांबरोबर त्यांनी तिथल्या वारली आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवल्या. मुलं गुरं चारायला जातात ना, मग शाळाच कुरणात न्यायची. आपण मुंबईकर मात्र...

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. बरं, भराभर सांगते.

कायदा : शिक्षण हक्क कायदा २००९चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, वय ६ ते १४. त्यात घरच्या शिक्षणाची वेगळी तरतूद नाही, पण घरी शिकवलं म्हणून पालकांना शिक्षाही सांगितलेली नाही.

परीक्षा : राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस. रोज शाळेत न जाता तिथून परीक्षा देता येते. दहावीला वय १४ पूर्ण हवं, मराठी माध्यम मिळतं. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाकडून पाचवी आणि आठवीही देता येते. तेव्हा सहाव्या वर्षी दहावीची धास्ती घेऊ नका.

व्यवहार : दोघं नोकरी करता, आजी गावाला, मग पूर्ण वेळ घरी शिकवणं सगळ्यांना जमणार नाही. जमलं नाही तर शाळेत घाला, पण रोज अर्धा तास मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून गोष्ट सांगा. मधे अडवलं तर थांबा. शेवट बदलू द्या. मुलाच्या प्रश्नाचं उत्तर लगेच देऊ नका, 'तुला काय वाटतं?' विचारा आणि खरोखर ऐका. लिहिणं-वाचणं याच बोलण्यातून उगवतं : आमच्याकडे पहिलं लिहिलेलं वाक्य होतं 'काऊ ये आत'.

गणिताचं राहिलं. हॉल सातला सोडायचाय, त्यामुळे ज्यांना विचारायचंय त्यांनी खाली जिन्यापाशी थांबा. मुलांना घेऊन या, त्यांचे प्रश्न आधी घेऊ.