सात घरं

(दृश्य: पहाटेचा अंधार. माळ्याची शिडी. मांजर पिल्लू घेऊन उतरते आहे.)

कुडाळजवळच्या एका वाडीतलं जुनं घर. पहाटेचे पावणेपाच. शिडीवरून उतरतेय ती या घरची चंपी, कालच व्यालेली. तोंडात आहे चौथं पिल्लू. त्याच्याकडे बघा. मानगूट धरल्याबरोबर त्यानं पाय पोटाशी घेतलेत, शेपटी आत वळवलीय आणि आवाज बंद. मानेची कातडी ओढली गेली की पिल्लाचं अंग आपोआप असं मुटकुळं होतं, म्हणून पायऱ्यांवर कुठे आपटत नाही.

"मांजर पिलांका सात घरां फिरवता," घरातल्या आजी सांगतात. पण का फिरवते?

पहिलं घर माळ्यावर, गाद्यांच्या वळकटीत. अंधार, ऊब, उंची, सगळं चंपीनं स्वतः निवडलेलं. मग गणपतीला आलेली मुलं वर चढली. बॅटऱ्या, मोबाइल. त्यातला एक कॅमेरा आमचाही, हे सांगायलाच हवं. रात्रीत मुक्काम हलला कपाटाच्या खालच्या खणात. तिथे कुणीतरी साड्या काढायला आलं. तिसरं घर मागच्या पडवीत, लाकडांच्या मागे. बाहेर भाद्रपदातला पाऊस, जमिनीला ओल, आणि कुंपणावर हा बोका. परका बोका पिल्लं मारतो.

(दृश्य: कोठीची खोली. खोका कापणारे हात.)

आता मात्र आजींनी कोठीची खोली रिकामी केली. बाळंतिणीची खोलीच म्हणा. टीव्हीचा खोका आडवा ठेवला. पुढून कापताना खाली वीतभर उंबरा राखला. आई सहज ओलांडते, पिल्लू बाहेर घरंगळत नाही. आत जुनं सुती लुगडं. टॉवेल नको, त्याच्या धाग्यांत नखं अडकतात. त्यावर माळ्यावरचंच चंपीच्या वासाचं फडकं. एका कोपऱ्यावर बल्ब, दुसरा कोपरा थंड, म्हणजे उकडलं तर पिल्लाला सरकता येतं. पहिले तीन आठवडे त्यांना स्वतःची ऊब पुरेशी धरता येत नाही. खिडकीला जाळी. रेतीचं घमेलं लांब. फरशीला फिनेल बंद, मांजराच्या यकृताला ते झेपत नाही. मग खोका उघडा ठेवून सगळे बाहेर गेले. पिल्लांना कुणी उचललं नाही.

दीड तासानं चंपी आली. हुंगलं. आत बसली, उठली, पुन्हा बसली. आणि मग एकेक करून आणायला लागली.

(दृश्य: अगदी जवळून, दूध पिणारी पिल्लं.)

डोळे मिटलेले, कानही बंद. तरी वासावर आणि उबेवर सड सापडतो, आणि दोन-चार दिवसांत बहुतेकांचा आपापला सड ठरूनही जातो. पुढचे पंजे बघा, कणीक तिंबावी तसे चाललेत. त्यानं पान्हा सुटतो. आईची गुरगुर त्यांना ऐकू येत नाही, अंगाला जाणवते. पिऊन झालं की चंपी एकेकाला उताणं करून चाटते. तिनं चाटल्याशिवाय त्यांना शी-शूदेखील होत नाही.

मसाल्याच्या तराजूवर रोज एकदाच वजन, तेही चंपी जेवायला गेली की. दिवसाला साधारण 10 ते 15 ग्रॅम वाढ हवी.

नववा दिवस. याचा डावा डोळा नाकाच्या बाजूनं किंचित फाकलाय. आत धुरकट निळं. सगळ्याच पिल्लांचे डोळे आधी निळे असतात.

खोक्यात आता तीन आहेत. चौथं लाकडांमागच्या ओलीत गारठलं होतं. घाईघाईत गाईचं दूध पाजलं गेलं; आधी ऊब द्यायला हवी होती, आणि ते दूध त्यांना मानवतही नाही.

दूध पाजत असतानाही मांजर पुन्हा गाभण राहते, म्हणून कोठीचं दार बोक्याला बंद. पिल्लं सुटली की चंपीचं ऑपरेशन. पिल्लं दुसऱ्या घरी जातील, पण आठ आठवड्यांच्या आधी नाही.

(दृश्य: मागची पडवी, स्थलांतराची संध्याकाळ. निवेदन थांबते.)

तीन पिल्लं पोचवून झाल्यावर चंपी चौथ्यांदा लाकडांपाशी आली.