पत्राची पाठ

वाईजवळ कृष्णेकाठी मेणवली. घाटाच्या पायऱ्या, आणि वर नाना फडणवीसांचा वाडा. नाना १८०० साली वारले. त्यांच्या घराण्याकडे राहिलेले कागद, म्हणजेच मेणवली दप्तर, पुढे इतिहास-संशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी मिळवले. त्यांचा संग्रह १९३९ मध्ये साताऱ्याहून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला. पण अशी दप्तरं अजूनही कित्येक वाड्यांच्या माळ्यांवर आहेत, आणि ती वाचवायची रीत सगळीकडे एकच.

हा असाच एका घराण्याचा रुमाल, म्हणजे कागदांचं गाठोडं. जाड चौकोनी कापड, चार टोकांची गाठ. गाठ सोडण्याआधी फोटो. मग कागद ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने कोपऱ्यात मऊ शिसपेन्सिलीने आकडा. शाई नको, रबरी शिक्का तर नकोच. ज्या पत्रावर तारीख नाही, त्याचा काळ बरेचदा शेजारच्या कागदांवरून लागतो. हौसेने विषयवार गठ्ठे लावले की हा धागा तुटतो, आणि तो पुन्हा जोडता येत नाही.

आता मऊ ब्रश, घडीच्या मध्यापासून कडेकडे. खाली पडणारे चकचकीत कण ओली शाई टिपायला टाकलेल्या वाळूचे आहेत. ही वेडीवाकडी भोकं कसरीची. जिवंत कीड दिसली तर गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशांवर निदान आठवडाभर ठेवायचा. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर हवेतलं बाष्प थंड कागदावर धरतं. वेखंडाच्या पुरचुंड्या जरूर ठेवाव्यात, पण कागदाच्या आत घातलेली अंडी त्यांनी मरत नाहीत.

वाळलेली घडी ओढून उघडली तर घडीवरच तुकडा पडतो. म्हणून ही ट्रे: तळाशी ओलसर टीपकागद, वर जाळी, जाळीवर पत्र, आणि झाकण. घडी सैल पडेपर्यंतच, तासा-दोन तासांनी बघत राहायचं. जास्त वेळ राहिलं तर बुरशी.

बोरूची ही काळी शाई काजळ आणि डिंकाची. उजेडात ती फिकी पडत नाही, मात्र पाण्यात डिंक सुटतो आणि अक्षर पसरतं. एखाद्या फराट्याच्या टोकाला पाण्याचा थेंब लावून टीपकागदाने टिपायचा. टीपकागद काळा झाला तर त्या पत्राला पाण्याचा हात नाही. गंमत अशी, की आजोबांचं हातकागदावरचं पत्र अजून मऊ असतं आणि नातवाचं गिरणीच्या कागदावरचं पत्र तपकिरी होऊन मोडत असतं. गिरणीच्या कागदातलं आम्ल त्याला आतून खातं.

फाटलेल्या जागी जपानी टिश्यूची, म्हणजे लांब तंतूंच्या पातळ कागदाची पट्टी. ती कात्रीने कापत नाहीत. पाण्याची रेघ ओढून हाताने फाडतात, म्हणजे कडेचे तंतू मोकळे राहून कागदात धरतात. गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ, वर टीपकागद, काच, वजन. टीपकागद दमट झाला की बदलायचा. चिकटपट्टी कधीच नको. तिचा डिंक पिवळा होऊन कागदात उतरतो.

आणि पट्टी फक्त फाटलेल्या जागीच. आता पत्र उलटं होतंय, इकडे लक्ष द्या. पाठीवरच्या या ओळीत आहे पैवस्ती, म्हणजे पत्र पोचल्याची नोंद: चंद्र (हिजरी महिन्याचा दिवस), तारीख, कधी वेळसुद्धा. लिहिल्याची आणि पोचल्याची तारीख मिळाली की बातमी किती दिवसांनी पोचली हे कळतं. जुन्या दुरुस्त्यांमध्ये मजबुतीसाठी मागे जाड कागद डकवलेला सापडतो. तिथे ही ओळ गेली.

म्हणून स्कॅन दोन्ही बाजूंचा, पाठ कोरी वाटली तरी. शेजारी मोजपट्टी आणि रंगपट्टी, आणि मूळ फाईल टिफमध्ये. पत्र आम्लरहित फोल्डरमध्ये आडवं. नवा रुमाल हवा असेल तर सुती कापड आधी धुऊन खळ काढलेलं, कारण खळ हे किडीचं खाणं. दप्तरखान्यातली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर जाऊ द्यायची नाही. पावसाळ्यात हे आर्द्रतामापक रोज बघावं लागतं.

शेवटी यादी. ती मोडी वाचणाऱ्याच्या शेजारी बसूनच होते. रुमालाचा आकडा, कागदाचा आकडा, लिहिणारा, घेणारा, तारीख जशी लिहिली तशी, आणि पैवस्तीसाठी वेगळा रकाना.