भुकेची वेळ आणि झोपेची वेळ

श्रोतेहो, वजन वाढले की आपल्याकडे पहिला ठपका जिभेवर ठेवला जातो. मला तो अन्यायकारक वाटतो, कारण भूक रक्तातील संप्रेरकांच्या इशाऱ्यावर चालते, आणि ही संप्रेरके आपण काय खाल्ले याइतकीच आपण कधी झोपलो आणि कधी जेवलो यावरही अवलंबून असतात.

चरबीच्या पेशींतून स्रवणारे लेप्टिन शरीरात साठा पुरेसा असल्याची वर्दी मेंदूला देते. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या न्यूयॉर्कमधील प्रयोगशाळेने त्याचे जनुक शोधले. भूक चेतवणारे घ्रेलिन मुख्यतः जठरात तयार होते आणि जेवणाची नेहमीची वेळ जवळ आली की वाढू लागते. रोज रात्री साडेदहाला जेवणाऱ्याला त्याच सुमारास कडकडून भूक लागते, त्यात या सवयीचा मोठा वाटा असतो.

शिकागो विद्यापीठात इव्ह व्हान कॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा निरोगी तरुणांना एका खेपेस लागोपाठ दोन रात्री चारच तास, तर दुसऱ्या खेपेस दहा तास झोपण्याची मुभा दिली होती. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात अपुऱ्या झोपेनंतर लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले, घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले आणि तरुणांनी नोंदवलेली भूक २४ टक्क्यांनी वाढली. ओढ विशेषतः गोड, खारट आणि पिष्टमय पदार्थांची होती. जागरणानंतर हात फरसाणाच्या डब्याकडे का वळतो, ते यावरून समजते. हा प्रयोग लहान होता आणि पुढच्या सर्व प्रयोगांत संप्रेरकांचे बदल असेच आढळले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. मात्र त्याच विद्यापीठातील २०२२ च्या अभ्यासात, एरवी साडेसहा तासांहून कमी झोपणाऱ्या, वजन प्रमाणापेक्षा जास्त असलेल्या प्रौढांनी आपल्या घरीच झोप सुमारे सव्वा तासाने वाढवली, तेव्हा आहाराविषयी कोणतीही सूचना दिलेली नसताना, झोप न वाढवलेल्या गटाच्या तुलनेत त्यांचे खाणे दिवसाला सुमारे २७० किलोकॅलरींनी कमी भरले. मला हा पुरावा अधिक मोलाचा वाटतो.

आता रात्रीच्या जेवणाकडे येऊ. अंधार पडल्यावर काही वेळाने रक्तात मेलाटोनिन, म्हणजे शरीराला रात्र झाल्याची वर्दी देणारे संप्रेरक, वाढू लागते; स्वादुपिंडातील पेशींवर त्याचा परिणाम होऊन इन्सुलिनचा स्राव मंदावू शकतो. म्हणून तोच वरणभात सकाळपेक्षा रात्री उशिरा खाल्ल्यास रक्तातील साखर अधिक चढते. आपल्याला हे विशेष लागू पडते. पुण्यातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा, अगदी सारखा, २२.३ होता, तरी शरीरातील चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिन यांची ९.१ टक्के निघाली. वरवर सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहात मधुमेहाची पूर्वतयारी अशी दडलेली असू शकते.

रात्रपाळी करणाऱ्या परिचारिका, सुरक्षारक्षक आणि कामगार यांना 'लवकर जेवा, लवकर झोपा' हा सल्ला देऊन भागत नाही. त्यांच्यासाठी २०२१ मध्ये बॉस्टनमध्ये झालेला एक प्रयोग महत्त्वाचा आहे. त्यात रात्रपाळीसारखे वेळापत्रक पाळणाऱ्या ज्या तरुणांनी रात्रीही जेवण घेतले, त्यांची साखर सरासरी ६.४ टक्क्यांनी वाढली. केवळ दिवसा जेवणाऱ्यांमध्ये ही वाढ दिसली नाही. प्रयोगशाळेतला हा निष्कर्ष कारखान्यात जसाच्या तसा लागू पडेल असे नाही, तरीही मध्यरात्री दोन वाजता पूर्ण थाळी वाढणाऱ्या कँटीननी तेच जेवण संध्याकाळी, पाळी सुरू होण्यापूर्वी देऊन पाहायला हवे.