चष्म्याची फ्रेम कशाची घ्यावी?

श्रोतेहो, नमस्कार.

चष्म्याच्या दुकानात आपण आधी आरशासमोर उभे राहतो. रंग शोभतो का, चेहरा मोठा दिसतो का, यातच अर्धा तास जातो. फ्रेम कशाची आहे, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. मुंबईत, कोकणात, गोव्यात राहणाऱ्यांनी तर ते आधी विचारावं. तिथल्या घामापुढे दिखाऊ फ्रेम फार दिवस टिकत नाही.

स्वस्त मेटल फ्रेम बऱ्याचदा मोनेलची किंवा जर्मन सिल्व्हरची असते. मोनेलमध्ये मुख्यतः निकेल आणि तांबं. जर्मन सिल्व्हरमध्ये त्यांच्या जोडीला जस्त. वरचा मुलामा शाबूत आहे तोवर ठीक. तो नाकाजवळ किंवा कानामागे उडाला, की घामाने तांब्यावर हिरवट थर चढतो आणि निकेल थेट कातडीला लागतं. खोट्या कानातल्यांनी ज्यांच्या पाळ्या खाजतात, त्यांना बहुधा निकेलच सोसत नसतं. त्यांनी या फ्रेमच्या वाटेला जाऊ नये.

त्यांच्यासाठी शुद्ध टायटॅनियम उत्तम. ते गंजत नाही आणि पोलादापेक्षा खूपच हलकं असतं. जपानमधल्या साबाए शहरात 1980च्या दशकात या फ्रेम बनू लागल्या. महाग का? कारण टायटॅनियमचा सांधा उघड्या हवेत नीट बसत नाही, त्यासाठी वेगळी यंत्रणा लागते. म्हणूनच काडी तुटली तर कोपऱ्यावरच्या कारागिराकडून डाग देऊन मिळणार नाही, हेही लक्षात ठेवा. चुंबक चिकटत नाही म्हणून टायटॅनियम, असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. जर्मन सिल्व्हरलाही चुंबक चिकटत नाही. आणि पिळली तरी सरळ होणाऱ्या ‘मेमरी’ फ्रेममध्ये टायटॅनियम असलं, तरी निम्म्याच्या आसपास निकेलच असतं!

धातू नकोच असेल तर अ‍ॅसिटेट. ते कापूस किंवा लाकडाच्या सेल्युलोजपासून बनतं. गरम केलं की मऊ पडतं, त्यामुळे दुकानदार काड्या तुमच्या कानाच्या मापाने वळवून देतो. पण याच गुणामुळे उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला चष्मा वाकडा होतो. टीआर-90 हे नायलॉनच्या जातीचं प्लॅस्टिक. हलकं, लवचिक, धसमुसळ्या मुलांसाठी चांगलं. मात्र गरम करून मापाला बसवणं त्यात अवघड, म्हणून दुकानातच नीट बसतंय ना, ते पाहा.

आणि नाकावरचे पॅड पिवळे, कडक झाले असतील तर तेवढेच बदलून मागा. त्यासाठी नवा चष्मा लागत नाही.

नमस्कार.