'डर्ट'मधले दोन आवाज

अ‍ॅलिस इन चेन्स ह्या अमेरिकन रॉक बँडचा 'डर्ट' हा अल्बम सप्टेंबर १९९२ मध्ये आला. त्याच्याबद्दल बोलायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, की इतकं काळंकुट्ट, जीवाला घोर लावणारं काहीतरी माणसं आपणहून परतपरत का ऐकतात? ह्यावर लगेच मिळणारं उत्तर म्हणजे दुःखी गाणी ऐकली की मन हलकं होतं. मला ते अजिबात पटत नाही. 'डर्ट' ऐकून मन हलकं वगैरे काही होत नाही, उलट शेवटचं गाणं संपलं की थोडा वेळ कोणाशी बोलू नये असं वाटतं, आणि तरी दुसऱ्या दिवशी आपण तोच अल्बम परत लावतो. माझं म्हणणं असं आहे की ह्याचं कारण शब्दांपेक्षा आवाजात आहे, नेमकं सांगायचं तर बँडमधले लेन स्टेली आणि जेरी कँट्रेल हे दोघं मिळून जे गातात त्यात आहे.

पार्श्वभूमी पटकन सांगते. सिएटलचा बँड, स्टेली गायक, कँट्रेल गिटार आणि गाणंही, बेसवर माइक स्टार, ड्रम्सवर शॉन किनी. ग्रंजचा, म्हणजे त्या काळच्या सिएटलमधल्या खरखरीत रॉकचा, शिक्का ह्यांच्यावरही बसला, पण ह्यांचा पाया मेटलचा, तो त्या जडशीळ गिटारमधून लगेच कळतो. रेकॉर्डिंग लॉस एंजेलिसला, प्रोड्युसर डेव्ह जर्डन. १९९२ मध्ये तिथे दंगल पेटली ती नेमकी ह्याच दिवसांत, काम थांबवून बँडला शहराबाहेर जावं लागलं.

आता पहिलं गाणं, 'देम बोन्स'. अडीच मिनिटांचं जेमतेम. सुरुवातीला प्रस्तावना नाही, काही नाही, थेट गिटार आणि त्यावर स्टेलीची आरोळी, एकदा नाही, परतपरत. जरा मोजून बघा, सात मात्रा आहेत. रूपक ताल ऐकलेल्यांना सात हा आकडा नवा नाही, पण रूपकात जो डौल असतो तो इथे शोधू नका, इथे प्रत्येक आवर्तन एक मात्रा आधीच संपल्यासारखं वाटतं, म्हणजे पाय टाकायला जावं आणि पायरीच नसावी तसं. विषय काय, तर आपण सगळे शेवटी हाडांचा ढीग होणार ही भीती. ती भीती शब्द कळायच्या आधी त्या तालातून अंगात शिरते. मग कोरसला, म्हणजे ध्रुवपदाला, ताल सरळ चारात येतो, दोन्ही आवाज एकत्र येतात, आणि गंमत बघा, सगळ्यात भयंकर गोष्ट सांगितली जात असते तेव्हाच ऐकणाऱ्याला पायाखाली जमीन मिळते.

हेच मला महत्त्वाचं वाटतं. रॉकमध्ये साधारणपणे एक मुख्य गायक असतो आणि बाकीचे मागून साथ देतात. इथे कँट्रेलचा आवाज स्टेलीच्या इतका चिकटून चालतो की कोणता कोणाचा हे काही ठिकाणी सांगता येत नाही, त्यात स्टेली स्वतःचाच आवाज थरावर थर चढवून रेकॉर्ड करायचा. त्यामुळे गाणं एकटेपणाचं असलं तरी ते म्हणणारा एकटा नसतो. कोणी समजूत घालत नाही, उपदेश करत नाही, 'होईल सगळं नीट' म्हणत नाही, फक्त दुसरा माणूस तेच वाक्य शेजारी उभं राहून म्हणतो. वाईट दिवसांत माणसाला बहुतेक वेळा एवढंच हवं असतं असं मला मनापासून वाटतं.

'रूस्टर' घ्या. कँट्रेलचे वडील व्हिएतनाम युद्धात लढले होते, रूस्टर हे त्यांचंच टोपणनाव, आणि गाणं मुलाने वडिलांच्या तोंडून लिहिलंय. ज्या बापाशी नीट बोलणं होत नव्हतं त्याच्या जागी उभं राहून लिहिलेलं गाणं, आणि ते गातोय कोण, तर स्टेली. म्हणजे बापाची गोष्ट, लेकाचे शब्द, मित्राचा आवाज. सहा मिनिटांवर चालतं, सुरुवात इतकी हळुवार की पुढे काय येणार ह्याचा पत्ता लागत नाही. व्हिडिओमध्ये खुद्द वडील बोललेत, तो जरूर बघा.

त्यानंतरचा मधला भाग अवघड आहे. 'जंकहेड'पासून 'अँग्री चेअर'पर्यंतचा पट्टा हेरॉइनबद्दल आहे आणि ह्यातलं बरंचसं स्टेलीने स्वतःच्या अंगावर काढून लिहिलंय. 'जंकहेड'मधला माणूस नशेची बढाई मारतो, आम्हीच शहाणे असा त्याचा सूर, आणि गाणी पुढे सरकतात तसा तो सूर उतरत जातो, 'अँग्री चेअर'ला पोचेपर्यंत एका खोलीत एका खुर्चीत बसलेला माणूस उरतो. ह्याला नशेचं कौतुक म्हणणारे लोक बहुधा अर्ध्यात थांबलेले असतात. पण धोका खरा होता हेही मान्य केलं पाहिजे, कारण स्टेलीनेच १९९६ च्या सुमारास सांगितलं होतं की चाहते त्याच्याकडे येऊन, अंगठा दाखवून, आम्ही नशेत आहोत असं आनंदाने सांगायचे, आणि त्याला नेमकं हेच नको होतं. एप्रिल २००२ मध्ये तो गेला, वय ३४. हे माहीत असताना ही गाणी पूर्वीसारखी ऐकता येत नाहीत, आणि येऊही नयेत. मात्र त्याच्या मरणामुळे अल्बम मोठा झाला हे म्हणणं मला त्याच्या कामाचा अपमान वाटतो, १९९२ मध्येच अल्बम अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत सहाव्या नंबरपर्यंत गेला होता.

शेवटचं 'वुड?' हे मदर लव्ह बोन ह्या बँडच्या गायकासाठी, अँड्र्यू वुडसाठी आहे, तो १९९० मध्ये हेरॉइननेच गेला. इथे कडवी कँट्रेल म्हणतो, कोरस स्टेली, आणि गाणं प्रश्न विचारून तुटल्यासारखं थांबतं.

एक गोष्ट ऐकताना सांभाळा. 'डाउन इन अ होल' हे काही आवृत्त्यांमध्ये चौथं आहे आणि काहींत बारावं. मी बारावं असलेलीच ऐका म्हणेन. 'अँग्री चेअर'च्या कोंडलेल्या खोलीनंतर ते प्रेमाचं गाणं येतं, त्यात दोघं जवळजवळ प्रत्येक ओळ एकत्र म्हणतात, आणि लगेच 'वुड?'चा बेस सुरू होतो. चौथ्या नंबरवर ते एक सुंदर गाणं आहे, बाराव्यावर मात्र मागचा सगळा अल्बम त्याच्यात येऊन बसतो.