एल, ओ, आणि मग सगळं ठप्प

श्रोतेहो, नमस्कार.

पेंटागॉनमध्ये १९६६ साली, कॉम्प्युटर-संशोधनाचा विभाग सांभाळणाऱ्या बॉब टेलर यांच्या कचेरीत तीन टर्मिनलं होती, म्हणजे दूरच्या कॉम्प्युटरला आज्ञा टाइप करायची यंत्रं. एक सांता मोनिकाच्या कॉम्प्युटरला जोडलेलं, एक बर्कलीच्या, एक एमआयटीच्या. तिघांच्या आज्ञा निराळ्या. बर्कलीचं काम चालू असताना एमआयटीत काही बघायचं झालं, की उठून दुसऱ्या टर्मिनलपुढे बसायचं. टेलरना वाटलं, हे सगळं एकाच टर्मिनलवरून का होऊ नये?

सांगायला सोपं, करायला महाकठीण. १९६९ मध्ये अमेरिकेत अर्पानेट या जाळ्यात, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजात, जी पहिली चार यंत्रं जोडायची ठरली, त्यांतलं एक २४ बिटांच्या (म्हणजे २४ शून्य-एकांच्या) शब्दात विचार करायचं, दोन ३२ च्या आणि एक ३६ च्या. इंग्रजी ‘ए’ हे अक्षर आस्की लिपीत ६५ या आकड्याने लिहितात, आयबीएमच्या लिपीत १९३ ने. म्हणजे ६५ पोचला तरी ‘ए’ पोचला असं नव्हतंच!

कॉम्प्युटर-शास्त्रज्ञ वेस्ली क्लार्क यांनी सुचवलं, मोठ्या यंत्रांना हात लावू नका. प्रत्येकासमोर एक छोटा कॉम्प्युटर ठेवा, सगळीकडे एकाच जातीचा. मोठ्याने फक्त आपल्या दारातल्या छोट्याशी बोलायचं, पुढचं ते छोटे आपापसांत बघतील. मला ही युक्ती फार मोलाची वाटते, कारण तिने कुणालाच बदलायला लावलं नाही. हे छोटे कॉम्प्युटर म्हणजे आयएमपी.

२९ ऑक्टोबर १९६९, रात्रीचे साडेदहा. लॉस एंजेलिसमध्ये चार्ली क्लाइन, पाचशेहून अधिक किलोमीटरवर स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेत बिल डुवॉल. दोघांच्या कानाला फोन. इकडून ‘लॉगिन’ टाइप करून तिकडच्या यंत्रात शिरायचं होतं. क्लाइनने ‘एल’ दाबलं. आलं? आलं. ‘ओ’? आलं. ‘जी’ दाबलं आणि तिकडचं यंत्र कोसळलं. डुवॉलच्या प्रोग्रॅमने संथ टर्मिनलच्या मानाने जागा राखली होती, आणि आता अक्षरं एकदम लोटली. त्याने ती जागा वाढवली, आणि त्याच रात्री लॉगिन झालं.

पण पोस्टमन पत्ता बघतो, पत्र वाचून दाखवत नाही. आयएमपीचंही तसंच. पत्र समजायचं कसं? चार यंत्रांना एकमेकांची भाषा शिकवायची तर बारा दुभाषे लागतात, वीस यंत्रांना तीनशे ऐंशी. म्हणून टेलनेट, म्हणजे दूरचं यंत्र आपल्या टर्मिनलवरून वापरायचे नियम, रचणाऱ्यांनी एक टर्मिनल कल्पनेतच उभं केलं. प्रत्यक्षात ते कुठेच नव्हतं. प्रत्येक यंत्राने आपलं बोलणं त्या एकाच्या भाषेत करायचं आणि त्याच्या भाषेतलं आपल्यात आणायचं, बस्स.

ओळ संपली हे कसं कळवायचं, इथपासून ठरवावं लागलं, कारण प्रत्येक यंत्राची खूण वेगळी. तुमच्यापैकी जे टायपिंगच्या क्लासला गेले असतील त्यांना आठवेल: ओळ संपली की कॅरेज मागे ढकलायची आणि कागद एक घर वर सरकवायचा. काल्पनिक टर्मिनलसाठी ह्याच दोन खुणा ठरल्या, आधी कॅरेज, मग कागद. आज सकाळी तुम्ही ई-मेल पाठवली असेल, तर वाटेत तिच्या प्रत्येक ओळीच्या टोकाला त्या दोन खुणा होत्या, याच क्रमाने.